नकाशातले ठिपके : देशपणावर जगणारा देश

तुमच्या घरात गेम खेळणारं कोणी असेल तर त्याला 'ट्विच' नक्की माहीत असेल. गेम खेळतानाचं थेट प्रक्षेपण जिथे जगभरातून बघितलं जातं, ती ही वेबसाइट. तिच्या पत्त्याच्या शेवटी 'डॉट कॉम' नसून 'डॉट टीव्ही' आहे. टीव्ही म्हणजे टेलिव्हिजन असणार, असं आपण धरून चालतो. पण भारताला जसं 'डॉट इन' मिळालं, तसं 'डॉट टीव्ही' हे एका देशाचं इंटरनेटवरचं आडनाव आहे. तो देश म्हणजे तुवालू. असे पत्ते नोंदवण्याच्या धंद्यातला वाटा दरवर्षी त्याच्या तिजोरीत जातो.

या महिन्याचा आपला ठिपका अक्षरशः ठिपकाच आहे. हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या साधारण मध्यावर, पॅसिफिक महासागरात नऊ छोटी बेटं. सगळी मिळून जमीन २६ चौरस किलोमीटर. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे एकट्या गोव्यात १४२ तुवालू मावतील. व्हॅटिकन, मोनॅको आणि नाउरू हे तीनच देश याहून लहान. लोकसंख्या दहा-अकरा हजार. आपल्या शहरातल्या एखाद्या वॉर्डातसुद्धा याहून जास्त मतदार असतात.

तरीही हा पुरता देश आहे. पंतप्रधान, संसद, पासपोर्ट, संयुक्त राष्ट्रसंघात मत, सगळं आहे. मग प्रश्न पडतो की खाण नाही, कारखाना नाही, विकण्याजोगी शेती नाही, तर हा देश चालतो कशावर? याचं उत्तर शोधताना मला एक गंमत दिसली. तुवालूने जगाला आजवर जे काही विकलं, ते बहुतेक सगळं एकाच गोष्टीतून आलं : आपण एक देश आहोत, या वस्तुस्थितीतून. आज समुद्र वर येतो आहे तेव्हा त्या लोकांची लढाई जमिनीसाठी आहेच, पण तितकीच या देशपणासाठी आहे. ते कसं, ते बघू.

जमीन

ही बेटं प्रवाळांची आहेत. राजधानी फुनाफुती म्हणजे समुद्रात तरंगणारी तुटकी बांगडी समजा. बांगडीच्या आत उथळ, शांत पाणी, बाहेर खोल महासागर, आणि बांगडीचे तुकडे म्हणजे जमीन. मुख्य तुकडा फोंगाफाले. तो लांबच लांब आहे, पण काही ठिकाणी इतका अरुंद की रस्त्यावर उभं राहिलं तर दोन्हीकडे पाणी दिसतं. साऱ्या देशातली सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून पाच मीटरही नाही.

अशी बांगडी बनते कशी, हे कोडं चार्ल्स डार्विनने मांडलेल्या सिद्धान्ताने सुटतं. त्याचं म्हणणं असं, की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं आणि त्याच्या कडेचे प्रवाळ मात्र वर वर वाढत राहतात. हे तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात फुनाफुतीवर तीन मोहिमा पाठवल्या. तिसऱ्या खेपेला ड्रिल ३४० मीटरच्या आसपास खोल गेलं, आणि तिथेही प्रवाळाचाच चुनखडक लागला. म्हणजे या बेटाखाली शेकडो मीटर प्रवाळांची वीट रचलेली आहे.

पण वर माती जेमतेम. नदी नाही, ओढा नाही. प्यायला पावसाचं पाणी टाक्यांत साठवायचं. २०११ साली पावसाने दगा दिला तेव्हा सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली आणि बाहेरून खाऱ्याचं गोडं पाणी करणारी यंत्रं आणावी लागली. शेती म्हणजे नारळ, केळी, फणसासारखं ब्रेडफ्रूट आणि 'पुलाका'. पुलाका हा आपल्या अळूच्या कुळातला, पण माणसाएवढा वाढणारा कंद. तो जमिनीवर येत नाही. खाली गोड्या पाण्याचा जो पातळ थर असतो, तिथपर्यंत खड्डा खणायचा, त्यात पालापाचोळा घालत राहायचं आणि त्यात पुलाका लावायचा. हे खड्डे घराण्याची मालमत्ता असतात, वारशाने चालत येतात. त्यात एकदा खारं पाणी शिरलं की कंद सडतो.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकन सैन्य इथे उतरलं. त्यांनी धावपट्टी बांधली. भराव टाकायला बेटाचाच प्रवाळ खणला, आणि मागे मोठमोठे खड्डे राहिले. पुढची सत्तर वर्षं त्या खड्ड्यांत खारं पाणी आणि कचरा साठत होता. न्यूझीलंडच्या मदतीने २०१५ च्या सुमारास ते लगूनमधली वाळू टाकून बुजवले. धावपट्टी मात्र आजही तीच. आठवड्यात मोजकीच विमानं येतात. विमान यायच्या आधी भोंगा वाजतो, लोक बाजूला होतात. एरवी संध्याकाळी त्याच धावपट्टीवर पोरं फुटबॉल आणि रग्बी खेळतात, कारण बेटावर एवढी मोकळी सपाट जागा दुसरी नाहीच. या विमानतळाचा आंतरराष्ट्रीय कोड एफयूएन, म्हणजे 'फन'!

माणसं

'तुवालू' या शब्दाचा अर्थ 'एकत्र उभे असलेले आठ'. बेटं नऊ, पण पूर्वापार वस्ती आठांवर. नववं निउलाकिता नंतर वसलं. लोक पॉलिनेशियन, भाषा तुवालुअन. त्यातही नुई बेटावर शेजारच्या किरिबातीच्या भाषेची बोली चालते. दहा-अकरा हजार माणसांच्या देशातही भाषिक अल्पसंख्याक आहेत, हे आपल्यासारख्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखं!

या छोट्या समाजाने मोठे घाव सोसले आहेत. १८६३ साली पेरूसाठी मजूर पकडणारी जहाजं आली आणि फुनाफुती व नुकुलाएलाए इथल्या लोकांना फसवून घेऊन गेली. नुकुलाएलाएची बहुतेक वस्ती त्यात गेली आणि परतली नाही.

प्रत्येक बेटावर 'फालेकाउपुले' असते, म्हणजे गावाची सभा. वडीलधारे बसतात, बेटाचे निर्णय होतात. १९९७ च्या कायद्याने या जुन्या सभेलाच स्थानिक स्वराज्य संस्थेचा दर्जा दिला. निम्म्याहून जास्त लोक आता राजधानीच्या बेटावर राहतात. पण तिथे राहूनही माणूस आपलं मूळ बेट सांगतो, त्या बेटाच्या लोकांत मिसळतो, त्याच्या नावाने वर्गणी भरतो. मंडळाच्या गणपतीची वर्गणी भरणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही हे समजावून सांगायला नको.

सरकार

ब्रिटिशांच्या काळात ही एलिस बेटं होती आणि गिल्बर्ट बेटांशी (आजचं किरिबाती) एकाच वसाहतीत बांधलेली होती. एलिसवाले संख्येने कमी होते. स्वातंत्र्य एकत्र मिळालं तर आपण कायमचे धाकटे राहू, अशी त्यांना भीती होती. १९७४ साली सार्वमत झालं. ब्रिटनने अट आधीच सांगितली होती : वेगळे झालात तर फॉस्फेटच्या खाणीच्या उत्पन्नात वाटा नाही, वसाहतीच्या मालमत्तेतून एक जहाज तेवढं मिळेल. तरीही ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी वेगळं व्हायला कौल दिला. भाऊबंदकीत वाटणी झाली आणि वाट्याला एक जहाज आलं, अशी ही गोष्ट. १ ऑक्टोबर १९७८ ला तुवालू स्वतंत्र झाला.

संसदेत १६ सदस्य, आठ मतदारसंघांतून दोन-दोन. राजकीय पक्ष नाहीतच. निवडून आलेले एकत्र बसतात आणि आपल्यातून पंतप्रधान निवडतात. त्यामुळे दोन-चार माणसं इकडची तिकडे गेली की सरकार पडतं, आणि तसं बऱ्याचदा झालं आहे. जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत तर पंतप्रधान कौसेआ नातानो स्वतःच हरले, आणि फेलेती तेओ बिनविरोध पंतप्रधान झाले. राष्ट्रप्रमुख आजही इंग्लंडचा राजा. २००८ साली प्रजासत्ताक व्हायचं का, असं विचारलं तेव्हा मतदारांनी नाही म्हटलं.

कमाई

आता मुख्य मुद्दा. एका जहाजावर संसार सुरू केलेल्या देशाने पैसा कसा उभा केला?

पहिली युक्ती टपाल तिकिटांची. स्वतंत्र देश झालं की स्वतःची तिकिटं छापता येतात. तुवालूने रंगीबेरंगी तिकिटं काढली आणि जगभरच्या संग्राहकांनी ती घेतली. पत्रावर चिकटवायला नव्हे, अल्बममध्ये ठेवायला.

दुसरी युक्ती दूरध्वनीची. प्रत्येक देशाला एक कोड असतो, तुवालूचा ६८८. १९९०च्या दशकात या कोडावरचे क्रमांक परदेशी कंपन्यांना भाड्याने दिले गेले, आणि त्यावर अश्लील गप्पांच्या महागड्या सेवा चालल्या. पैसा आला, पण देश चर्चला मानणारा. लोकांना ते रुचलं नाही आणि पुढे ते बंद झालं.

तिसरी 'डॉट टीव्ही'. देशांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तुवालूला 'टीव्ही' ही दोन अक्षरं मिळाली, हा निव्वळ योगायोग. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीशी १२ वर्षांत ५ कोटी डॉलरचा करार झाला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला तुवालू संयुक्त राष्ट्रसंघाचा १८९ वा सदस्य झाला, आणि त्या सदस्यत्वाचा खर्च पेलायला हाच पैसा कामी आला. पुढे हे काम व्हेरीसाइनकडे आणि मग गोडॅडीकडे गेलं. आता त्यातून वर्षाला साधारण १ कोटी अमेरिकन डॉलर मिळतात. आणि गंमत बघा : देशातलं पहिलं एटीएम आलं ते एप्रिल २०२५ मध्ये. इंटरनेटच्या पैशावर पाव शतक काढलेल्या देशात तोवर बँकेच्या रांगेत उभं राहून रोख रक्कम घ्यायची पद्धत होती.

चौथी आणि सर्वांत मोठी कमाई माशांची. मासे ते स्वतः फारसे पकडत नाहीत. ते 'दिवस' विकतात. आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रातल्या संपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो. बेटं विखुरलेली असल्यामुळे तुवालूचं हे पाणी महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं भरतं, आणि त्यात ट्यूना मासा भरपूर. पूर्वी परदेशी बोटी मनाला येईल तो भाव देत. मग तुवालूसह आठ बेट-देश एकत्र आले आणि २००७ पासून त्यांनी ठरवलं : वर्षाला मासेमारीचे इतकेच दिवस, आणि एका बोटीच्या एका दिवसाचा भाव इतका. २०१५ पासून किमान भाव दिवसाला ८,००० डॉलर झाला. एकट्या तुवालूला कोणी विचारलं नसतं. आठ जण एकत्र उभे राहिले तेव्हा मोठ्या देशांच्या कंपन्यांना ऐकावं लागलं.

याशिवाय तुवालूची तरुण मुलं आमातुकूच्या प्रशिक्षण संस्थेत शिकून परदेशी मालवाहू जहाजांवर जातात आणि घरी पैसे पाठवतात. आणि १९८७ साली ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटनच्या साथीने उभारलेला एक ट्रस्ट फंड आहे. नियम असा की महागाई धरून मुद्दल राखायचं, वरचं तेवढंच खर्चायचं. शेजारच्या नाउरूने फॉस्फेटचा अफाट पैसा उधळून टाकला. त्या मानाने तुवालूचा हा फंड घरातल्या जुन्या बाईने सांभाळलेल्या डब्यासारखा आहे.

आता यादी पुन्हा वाचा. तिकिटं, कोड, दोन अक्षरं, समुद्रावरचा हक्क. यातलं काहीही जमिनीतून उगवलेलं नाही. 'तुवालू नावाचा देश आहे' हे जग मानतं, म्हणून हे सगळं मिळतं. आणि जगाने मानणं थांबवलं तर? सॉफ्टवेअरवाल्यांना याचं उदाहरण माहीत आहे. युगोस्लाव्हिया हा देश उरला नाही, आणि २०१० साली 'डॉट वाययू' हे आडनाव इंटरनेटवरून काढून टाकलं गेलं. त्यावरचे पत्ते बंद झाले.

पाणी

नासाच्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली सांगितलं की तुवालूजवळ समुद्राची पातळी तीस वर्षांत सुमारे १५ सेंटिमीटर वाढली आहे, आणि वाढीचा वेग जगाच्या सरासरीच्या दीडपट आहे. या शतकाच्या मध्यापर्यंत देशाची बरीचशी जमीन भरतीच्या आजच्या पातळीखाली असेल, असा त्यांचा अंदाज.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ती व्हॉट्सॲपवर अर्धवट फिरते. २०१८ च्या एका संशोधनात जुनी हवाई छायाचित्रं तपासली, तेव्हा १९७१ ते २०१४ या काळात तुवालूची एकूण जमीन २.९ टक्के वाढलेली दिसली. लाटा प्रवाळाचा चुरा आणून किनाऱ्यावर टाकतात, म्हणून. मग बुडण्याची ओरड खोटी का? नाही. क्षेत्रफळ वाढणं वेगळं आणि राहता येणं वेगळं. किनारा वाढला तरी पुलाकाच्या खड्ड्यात खारं पाणी यायचं थांबत नाही, आणि मोठ्या भरतीला धावपट्टीच्या कडेला जमिनीतून वर येणारं पाणीही थांबत नाही.

लोक हात बांधून बसलेले नाहीत. ग्रीन क्लायमेट फंडाच्या पैशातून फोंगाफालेच्या लगूनच्या बाजूला सुमारे सात हेक्टर नवी, उंच जमीन भर घालून तयार केली आहे. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी 'फालेपिली' करार झाला. फालेपिली म्हणजे शेजारधर्म. दरवर्षी २८० तुवालुअनांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहायला, शिकायला, काम करायला परवानगी. बदल्यात तुवालूने दुसऱ्या कोणत्याही देशाशी संरक्षणविषयक करार करताना ऑस्ट्रेलियाची संमती घ्यायची. शेजारधर्मालाही किंमत असते!

२०२५ साली पहिल्या सोडतीसाठी नावं मागवली, तेव्हा कुटुंबीय धरून ८,७५० जणांनी नोंदणी केली. देशातल्या दर दहा माणसांमागे आठ. याचा अर्थ सगळे पळून जाणार असा नाही; पुष्कळांना दार उघडं असावं एवढंच हवं आहे, आणि करारात परत यायची मोकळीकही आहे. पण एक साधा हिशेब करा. वर्षाला २८० या वेगाने, कोणी परतलं नाही तर, अडतीस-चाळीस वर्षांत देश रिकामा होतो. बेटं त्याआधी बुडाली नाहीत तरी.

कागद आणि बॅकअप

देश कशाला म्हणायचं? १९३३ च्या मोंटेव्हिडिओ कराराने चार खुणा सांगितल्या : कायमची वस्ती, ठरावीक भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. तुवालूच्या पहिल्या दोन खुणा धोक्यात आहेत.

२०२१ साली परराष्ट्रमंत्री सायमन कोफे गुडघाभर पाण्यात उभे राहून जागतिक हवामान परिषदेशी बोलले. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पुढच्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की तुवालू जगातला पहिला डिजिटल देश होणार. बेटांची त्रिमितीय मोजणी, गाणी, नाच, म्हाताऱ्यांच्या आठवणी, सरकारी दप्तर, सगळं सर्व्हरवर.

माझा पेशाच हा असल्यामुळे मला आधी शंका आली. बॅकअप घेणं सोपं असतं; खरी परीक्षा असते तो दुसऱ्या ठिकाणी परत चालू करण्याची. पुलाकाच्या खड्ड्याचा नकाशा साठवता येतो, पुलाका नाही. अंगणात पुरलेल्या आजीचं थडगं स्कॅन करता येतं, त्यावर दिवा लावता येत नाही. पण नीट वाचल्यावर कळलं की डिजिटल बेटं हा दर्शनी भाग आहे. खरं काम कायद्यात चाललं आहे. २०२३ साली तुवालूने राज्यघटनेत लिहून टाकलं की समुद्राने जमीन घेतली तरी हे राष्ट्र आणि त्याच्या सागरी सीमा कायम राहतील. ऑस्ट्रेलियाने फालेपिली करारात ते मान्य केलं. आणि जुलै २०२५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्ला म्हणून मत दिलं, की एकदा स्थापन झालेल्या देशाचा एखादा घटक नाहीसा झाला म्हणून त्याचं राज्यत्व संपतंच असं नाही. दहा-अकरा हजार लोकांच्या देशासाठी हे वाक्य त्या सात हेक्टर जमिनीइतकंच मोलाचं आहे. ते टिकलं तर माशांचे दिवस टिकतील, दोन अक्षरं टिकतील, आणि कुठेही राहणाऱ्या तुवालुअन मुलाचा त्यावरचा हक्क टिकेल.

स्थलांतर त्यांना नवं नाही. १९४६ साली वायतुपू बेटाच्या लोकांनी वर्गणी काढून फिजीमधलं किओआ नावाचं बेट विकत घेतलं. काही कुटुंबं तिथे गेली. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आपली भाषा बोलतात. म्हणजे समाज हलवता येतो. पण किओआवर कायदा फिजीचा, समुद्र फिजीचा. देश काही सोबत गेला नाही.

आपली घरं बडोद्यात, इंदुरात, ग्वाल्हेरात, बेळगावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण भाषा आणि सण सांभाळले, त्याचा अभिमान बाळगतो, आणि तो रास्तच आहे. पण आपल्या मागे महाराष्ट्र आहे. तिथे पुस्तकं छापली जातात, नाटकं होतात, नवे शब्द घडतात. आपण इथे विसरलो तरी भाषा तिथे चालू राहते. तुवालूच्या मुलामागे असा दुसरा प्रदेश नाही. ब्रिस्बेनमध्ये वाढणारा मुलगा तुवालुअन विसरला, तर ती आठवून देणारं मागे कोण असेल, हा प्रश्न कोणत्याही न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. तो फालेकाउपुलेत बसलेल्या आज्यांना आणि सोडतीत नाव लागलेल्या आईबापांना सोडवायचा आहे.

तेव्हा पुढच्या वेळी पत्त्याच्या शेवटी 'डॉट टीव्ही' दिसलं, तर घरातल्या धाकट्यांना विचारा, हे कोणाचं आडनाव? उत्तर आलं नाही तर नकाशा उघडून दाखवा. बराच झूम करावा लागेल.